डाव्या हाताचा ठेका

महादूदादाच्या पोरांनो, तुम्ही विचारलंत की काका परत का आला नाही. सांगतो. पण सुरुवात निघण्यापासून करावी लागेल, आणि ती काही गोड नाही.

निघायच्या दिवशी तुमच्या आजोबांनी माझ्या डाव्या कानाखाली अशी वाजवली की कर्जत येईपर्यंत मला गाडीची शिट्टी एकाच कानाने ऐकू येत होती. कर्जतला घाट उतरून आलेली मेल फलाटावर लागली, तिच्या ब्रेकचा करपट वास सुटला होता. बाबा मला डब्यात ढकलून खिडकीशी उभे राहिले. त्यांनी ना पाठीवर हात ठेवला ना डोळे पुसले. एवढंच म्हणाले, "महादूचा हात गेला तो गेला. तुजा मी जाऊ देनार नाय. हिकडं पाय ठेवायचा नाय, समजलं?" आईने पदराखालून हळद-कुंकवाची जोडडबी माझ्या हातात कोंबली. दादा आलाच नव्हता.

थोबाडीत बसायला कारण होतं. त्या सकाळी गुरांना पेंढा काढताना बाबांना उडवीत, म्हणजे पेंढ्याच्या ढिगात, माझा कोयता सापडला होता. मी तो तिथे भात झोडल्यापासून लपवून ठेवला होता आणि रोज हात घालून तो जागेवर आहे की नाही ते बघत होतो. कोयता हिराजीसाठी होता. हिराजी म्हणजे नदीपलीकडच्या गावच्या बाज्याचा ढोलवाला.

आता तुम्हाला आमच्या बाज्याचं सांगतो, कारण तुमच्या वेळेपर्यंत लग्नात लाउडस्पीकर आले होते. साजगावच्या आमच्या आळीचा बाजा होता. शेतीची कामं संपली की लग्नं वाजवायची. बाबा ताशा वाजवत, महादूदादा ढोल. दादा उजव्या हातातल्या टिपरूने, म्हणजे काठीने, ढोलाच्या जाड बाजूवर मारायचा, तो टोल. डाव्या पंज्याने पातळ बाजूवर मारायचा, ती थापी. टोल पोटात वाजतो आणि थापी कानात. दुसऱ्या गावातून वऱ्हाड न्यायचं तर त्यांच्या मारुतीपुढे थांबायचं, नारळ फोडायचा, वाट मागायची आणि मग वाजवत पुढे जायचं, ही रीत होती.

त्या वैशाखात हिराजीच्या गावातून वऱ्हाड न्यायचं होतं आणि मुहूर्त टळत होता. नवरदेवाचा मामा म्हणाला, चला रं, येताना फोडू. नारळ न फोडता आम्ही मारुतीवरून वाजवत गेलो. बांधावर पोचलो नाही तोच ते मागून धावून आले. काठ्यांचं मला फारसं आठवत नाही, दोन-चार मीही खाल्ल्या. आठवतो तो हिराजी, आणि खाली आलेला कोयता. दादाचा हात मनगटातून तुटून शेतात पडला. बोटांत टिपरू तसंच धरलेलं होतं. आणि बाबा आयुष्यभर शिकवत आले होते ना, वाजवनाऱ्यानं मधी थांबायचं नाय, तर दादाचा डावा हात थांबला नाही. थापी चालूच होती. टोल नाही, नुसती थापी. मग तो गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला. बाबांनी डोक्याचं मुंडासं सोडून तो तुटलेला हात त्यात गुंडाळला.

साक्षीला कोणी उभं राहिलं नाही. हिराजी सुटला. भाताची रोपं लावली गेली, कापणी झाली, आणि दादा ओटीवर बसून ढोल मांडीवर घेऊन डाव्या हाताने थापी वाजवायचा. प्रत्येक थापेआधी एक भोक पडायचं, जिथे टोल असायला हवा होता. आई कान झाकून घ्यायची. मी कान झाकत नसे. मी त्या भोकात हिराजीचा हात बसवून बघायचो. ते वाजवणं ऐकत ऐकतच मी तो कोयता पाजळला.

बाबांना हे सगळं माझ्याआधी कळलं असणार. खालापूरला किराणा दुकान होतं त्या हसनचाचांचा मुलगा जहाजावरून विलायतेत उतरून तिथेच राहिला होता. बाबांनी वैशाखातच चाचांना गाठून ठेवलं होतं. मी खोपोलीच्या वीजघरात वायरमनच्या हाताखाली होतो, हाताला काम मिळेल एवढं येत होतं. असा मी लंडनला आलो. शिकायला नाही की कमवायला नाही. मला हद्दपार केलं होतं, माझ्याच बापाने.

हसनचाचांचा मुलगा पुन्हा जहाजावर गेला तेव्हा मी उघड्यावर आलो. खोली शोधत हिंडायचो. दारं उघडायची आणि माझा रंग बघून मिटायची. एका बाईने तर वरून बादली ओतली. एकदा संध्याकाळी पश्चिमेकडच्या एका गल्लीतून चाललो होतो. घरांचे गिलावे पडलेले, खिडक्यांना पुठ्ठे लावलेले. एका घराच्या तळघरातून रेकॉर्ड वाजत होती, आणि मी रस्त्यात उभाच्या उभा राहिलो.

दादा वाजवत होता.

म्हणजे पियानो होता, गिटार होती, फुंकायचे पितळी बाजे होते, कोणीतरी घोगऱ्या आवाजात इंग्रजी गात होता. पण ठेका दादाचा होता. जिथे दणका पडायचा तिथे नुसता हलका पाय टेकवल्यासारखं, आणि सगळा जोर पुढच्या रिकाम्या जागेत. टोल दबलेला, थापी वर. मी त्या घराच्या कठड्याला धरून रडलो. लाज वाटत नाही सांगायला.

ते घर मिस आयव्हीचं होतं. ती जमैकाची. नातवंडं असलेली बाई, तरी सगळे तिला मिस म्हणत, तो त्यांच्यातला मान. आपल्यासारखीच भिशी लावून तिने आणि तिच्या चर्चच्या बायकांनी एकेक करून घरं घेतली होती. मला रडताना बघून तिने विचारलं, कोण मेलं? तिची इंग्रजी मला शाळेतल्या मास्तरांच्या इंग्रजीपेक्षा लवकर कळू लागली. तीही आपल्यासारखा 'ह' गिळायची, नको तिथे लावायची. मला तिचं बोलणं साजगावच्या बोलीतच ऐकू यायचं, म्हणून इथेही तसंच लिहितो. "कोनी मेलं नसंल तर आत ये," ती म्हणाली. "मेलं आसंल तर आदी जेव."

तळघरात तिचा भाचा सेड्रिक रेकॉर्डी वाजवायचा. त्यांच्या लोकांना नाचायला कुठला हॉल देत नसत, दारूच्या गुत्त्यात उभं करत नसत. म्हणून शनिवारी कोणाच्यातरी तळघरात कपाटाएवढी स्पीकरची पेटी लावायची आणि भिंती हलेपर्यंत वाजवायचं. आधी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या रेकॉर्डी यायच्या, मग त्यांच्या बेटावरच्या मुलांनी त्याच चालीवर बांधलेल्या, ठेका आणखी उलटा केलेल्या. सेड्रिक नव्या रेकॉर्डीवरचं लेबल ब्लेडने खरवडून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या पेटीवाल्याला गाण्याचं नाव कळू नये. मला हसू यायचं. पलीकडच्या गावाला आपला ठेका कळू नये म्हणून बाबा तालीम दार लावून घ्यायचे, त्यातलाच प्रकार.

मारामारी तिथेही पाठीस लागली होती. टोकदार बूट घातलेली गोरी पोरं सायकलच्या साखळ्या हाताला गुंडाळून फिरायची. एकट्यादुकट्याला गाठायची. मला दोनदा गाठलं. एकदा बरगडी मोडली. सेड्रिकची पहिली पेटी त्यांनी भर रस्त्यात पहारीने फोडली, आणि ती झाकायला तो तिच्यावर पालथा पडला तेव्हा त्याच्या पाठीवरही पहार चालवली. मी त्याच्या पाठीला शेक द्यायचो आणि मनात म्हणायचो, इकडेही नदी आहे आणि पलीकडे हिराजी आहेत. कोयत्यापासून लांब पाठवला म्हणून बाबा निर्धास्त झोपत असतील तिकडे.

मग मी आणि सेड्रिकने नवी पेटी बांधायला घेतली. लाकूडकाम त्याचं, वायरिंग आणि अँप्लिफायर माझा. पहिलीपेक्षा मोठी, जाड प्लायवुडची, दोघांना उचलता न येणारी. फोडायला आले तर त्यांचे हात दुखले पाहिजेत, असं सेड्रिक म्हणायचा. मिस आयव्हीच्या नातीचं बारसं, म्हणजे त्यांच्यात चर्चमध्ये पाणी लावतात ते, एका रविवारी होतं. त्या दिवशी दुपारी पेटी पहिल्यांदा वाजणार होती. तिने खोली देऊन मला घरातलाच केला होता. आपली पेटी तिच्या नातीच्या कामी यावी एवढंच माझ्या मनात होतं.

आणि इथे मी शेण खाल्लं. म्हणजे माझ्या मते अतिशय शहाणपणाचं काम केलं.

नवरात्र चालू असावं असा माझा हिशेब होता. खिडकीतून चंद्र बघून मी अंदाजानेच खंडेनवमी धरली. वीजघरात आम्ही त्या दिवशी स्विचबोर्डालासुद्धा हळदकुंकू लावायचो. नवं हत्यार, नवं यंत्र, पूजा न करता चालवायचं? शिवाय नारळाचं माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. एकदा नारळ फोडला नाही त्याचं काय झालं ते मी बघितलं होतं. सगळी मंडळी चर्चमध्ये गेली तशी मी आईची डबी काढली. पेटीवर हळदीची आणि कुंकवाची पाच-पाच बोटं ओढली. शेजारच्या कुंपणावरची पिवळी फुलं वाहिली. लिंबू कापून, कुंकू भरून दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवलं. नारळ उंबऱ्यावर फोडला, पाणी चौकटीवर शिंपडलं. हात जोडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मिस आयव्ही बाळाला घेऊन परत आली आणि उंबऱ्याबाहेरच थबकली. पांढरी टोपी, पांढरे हातमोजे. तिने लाल लिंबं बघितली, फुटलेला नारळ बघितला, मग वाकून खिडकीतून तळघरातल्या पेटीवरची लाल बोटं बघितली. बाळ तिने मुलीकडे दिलं. आत गेली आणि हातात कोयता घेऊन बाहेर आली. खरंच कोयता. तिकडे ऊस तोडायला वापरतात तो, थोडा लांब, तिने बिछान्याखाली ठेवलेला.

"कुनी सांगितलं तुला?" ती म्हणाली. आवाज चढवलाही नाही. "माज्या लेकराच्या दिवशी माज्या दारात करनी करायला कुनी सांगितलं?"

त्यांच्याकडे करणी अशीच करतात हे मला कोण सांगणार होतं. मी ज्याला राखण म्हणत होतो तो तिच्या देशात मूठ मारण्याचा प्रकार होता, तोही पाणी लावलेल्या बाळाच्या उंबऱ्यावर. मी समजावू लागलो तर माझी इंग्रजी त्या दिवशी मेलेली. पूजा म्हटलं, मशीन म्हटलं, देव म्हटलं. देव म्हटल्यावर ती आणखी भडकली. पाहुणे जिन्यावर सरकून उभे होते. सेड्रिककडे बघितलं, तर तो पेटीकडे बघत होता, जणू तिच्यात मेलेलं काही आहे.

"त्याला आनि त्या पेटीला भाईर काडा," मिस आयव्ही म्हणाली. पेटीला कोणी हात लावेना. म्हणून मलाच म्हणाली, "तूच काड. आनि परत हिकडं पाय ठेवायचा नाय."

तेच शब्द. बापाचे शब्द, दुसऱ्या देशात, दुसऱ्या तोंडून. मी पेटीला वायरचा फास घातला आणि एकटा ओढू लागलो. तळघराच्या दारातून बाहेरच्या खोलगट अंगणात आणली, तिथून रस्त्याला चढायच्या दगडी पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर ती अडली. माझा शर्ट भिजला होता आणि मी मोठमोठ्याने शिव्या देत होतो, आईबहिणीवरून, आपल्या भाषेत. तेवढ्यात वर, कठड्याला लागून, टोकदार बुटांची रांग उभी राहिली.

ते आठ-दहा असतील. भर दुपारी. एकाने विचारलं, काय रे, घरातूनही हाकललं वाटतं? मी उत्तर द्यायच्या आत साखळी आली. डाव्या कानावर. बाबांनी मारलं होतं त्याच कानावर, आणि या वेळी आत काहीतरी फाटल्याचं मला कळलं. मी पडलो. बूट पोटात बसले, तोंडात बसले. दात जिभेवर आल्याचं आठवतं. दोघेजण पेटी उलटवू लागले. घरातल्यांना मी करणी करणारा होतो हे खरं, पण मार खाणाराही त्यांच्यातलाच एक होतो. सेड्रिक लोखंडी पलंगाचा पाय घेऊन खाली आला. त्याच्या मागे बाटल्या, खुर्च्या, इस्त्री, चर्चचे कपडे घातलेले बापे आणि बायका. काचा फुटल्या. कोणाचं तरी नाक माझ्या डोळ्यांपुढे चपटं झालं. मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पेटी उलटली ती ज्या पोराने ओढली त्याच्याच अंगावर. बाकीचे पळाले. तो अडकला. उजवा हात पेटीच्या कडेखाली, मनगटाशी दगडावर दाबलेला, पंजा बाहेर. बोटांत अजून साखळीचं टोक. तीच साखळी.

मिस आयव्ही खाली आली. माझ्या कानातून वाहणाऱ्या रक्ताकडे बघितलं, त्या हाताकडे बघितलं, आणि कोयता माझ्या हातात दिला. तिला माझ्यावर विश्वास नव्हता. मी कोणाचा ते तिला बघायचं असावं. "त्यानंच ना? मग घे."

पोरांनो, तो हात हिराजीचा होता. मी रात्रंदिवस तोच हात बघितला होता, असाच पसरलेला, असाच मनगटाशी. मी कोयता डोक्यावर नेला. पोरगा आईला हाका मारत होता. आणि त्याची बोटं वळली, साखळी घट्ट धरायला की सोडायला कोण जाणे, आणि मला टिपरू धरलेली बोटं दिसली. शेतातली. मग तो हात हिराजीचा राहिला नाही, दादाचा झाला. दादाचा हात मी दुसऱ्यांदा कसा तोडू?

मी कोयता पेटीच्या फळीत घातला, खचकन, त्या मनगटाच्या शेजारी. पाती आत रुतली तशी सगळा भार देऊन तरफ मारली आणि पेटी उचलली. पोरग्याने हात काढून घेतला. मला दया वगैरे आली नव्हती. हात सुटल्याबरोबर मी त्याला लाथांनी तुडवायला लागलो, सेड्रिकने मागून कवेत धरलं तेव्हा थांबलो. तो पोरगा पायऱ्या चढून पळाला, मोडका हात छातीशी धरून. मोडका, पण होता.

मी दारात बसलो. कान थांबत नव्हता. डबी खिशात होती. मी उरलेली सगळी हळद काढली आणि कानावर दाबली, आई दाबायची तशी. मिस आयव्ही माझ्याकडे बघत राहिली. मग वाकली, माझ्या कानावरची पिवळी पूड बोटाला घेतली, हुंगली. पेटीवरची पिवळी बोटं हुंगली. इतका वेळ मी जे शब्दांत सांगू शकलो नव्हतो ते तिला नाकाने कळलं.

"हे औशद हाय?"

मी मान हलवली.

"मग लाकडाला कशाला लावलंस, येड्या?"

मला हसू आलं आणि तोंडातून दात पडला. तिने माझं डोकं आपल्या पांढऱ्या झग्यावर धरलं, झगा नासला. पोलिस आले ते आमचीच चौकशी करून गेले. मग चौघांनी मिळून पेटी आत नेली, आणि संध्याकाळपर्यंत ती वाजली. मी उजव्या कानाने ऐकली. डाव्याने तेव्हापासून काही ऐकू येत नाही. तिथे फक्त बाबांची थप्पड आहे.

त्या घरातून मला पुन्हा कोणी बाहेर काढलं नाही. आणि मी पुन्हा कधी उडवीतल्या कोयत्याचं स्वप्न बघितलं नाही, कारण हात घालून बघावं तर तो तिथे नसायचा, लंडनला एका फळीत रुतलेला असायचा.

बाबा वारल्याचं कळलं त्यानंतर मी पहिल्यांदा घरी आलो. तुम्ही लहान होता. साजगावात कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. दादाने माझ्या कानाकडे बघितलं, मी त्याच्या मनगटाकडे बघितलं. हिराजीचं मीच विचारलं. दादा म्हणाला, "हाय की. खोपोलीला बाजारात दिसतो. तो बगतो, मी बगतो. झालं."

मी बॅटरीवर चालणारा रेकॉर्डचा डबा नेला होता. ओटीवर लावला. ती रेकॉर्ड, लेबल खरवडलेली. दादा थोडा वेळ मान खाली घालून ऐकत राहिला. मग आत गेला, भिंतीवरचा ढोल काढून आणला, मांडीवर घेतला आणि डाव्या पंज्याने थापी धरली. एकदाही चुकला नाही. रेकॉर्डवरचा ठेका आणि त्याचा, जणू एकाच ओटीवर शिकलेले.

"ह्यो बाजा बांदनाऱ्याचा बी हात तुटला व्हता का रं?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "मला पण असंच वाटलं होतं, दादा."

तो छोटा डबा, त्यात टोल कुठला घुमायला. जाड बाजू मुकीच होती. टिपरू ढोलाच्या दोरीत खोचलेलं होतं, शेतातून बाबांनी उचलून आणलेलं तेच. मी ते कधी उपसलं मला कळलं नाही. दादाच्या उजव्या अंगाला बसलो, त्याच्या खांद्याला खांदा लावून, आणि टोल मारला. दादाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्या बाजूला कोणी हात लावला नव्हता. मी घाबरून थांबलो.

"थांबू नको," दादा म्हणाला. बाबांच्याच आवाजात.

रेकॉर्ड संपली, सुई नुसती खरखरत राहिली, आणि आम्ही दोघे मिळून एकच माणूस होऊन वाजवत होतो. तुमची आई दारात उभी राहून रडत होती, तिला विचारा.

मग मी इकडे परत आलो. मिस आयव्ही आता नाही. पाणी लावलेली ती नात आता स्वतः पेटी वाजवते आणि दरवर्षी मला फोन करून विचारते की हळद लावायचा दिवस कधी आहे. पेटीवरच्या कोयत्याच्या खाचेत ती स्वतःच्या बोटाने हळद भरते. घर कुठलं म्हणून मला कोणी विचारलं की मी साजगाव आणि मिस आयव्हीचं घर, दोन्ही सांगतो, कारण अर्धं सांगितलं तर खोटं होईल. अर्धं घर इकडे आहे, परत येत नाही तो यासाठी. पण पोरांनो, दादाला सांगा, ढोलाची उजवी बाजू कोणाला देऊ नको. टिपरू माझ्याकडे आहे.